एचडी व्हिडिओला नेमका किती स्पीड पुरतो? प्लॅन आणि प्रोव्हायडर निवडण्याआधी पाहायच्या गोष्टी

घरात फायबर आलेले असते, प्लॅन शंभर एमबीपीएसचा असतो, महिन्याचे पैसे वेळेवर भरलेले असतात. तरी रात्री नऊला टीव्हीवर सिनेमा लावला की चित्र धुरकट होते आणि मधेच ते गोल चक्र फिरू लागते. बेळगावात शहापूर असो, गोव्यात म्हापसा असो, इंदूर असो की बडोद्याचा दांडिया बाजार, तक्रार सगळीकडे सारखीच. कंपनीला फोन केला की उत्तरही बहुतेक वेळा ठरलेले असते: मोठा प्लॅन घ्या. पण मोठा प्लॅन घेऊनही चक्र फिरायचे थांबत नाही, कारण पाणी मुरत असते दुसरीकडेच.

आकडे छोटे आहेत

एचडी व्हिडिओला लागणारा स्पीड जाहिरातींतल्या आकड्यांच्या मानाने फारच कमी आहे. नेटफ्लिक्स ७२०पी एचडीसाठी ३ एमबीपीएस, १०८०पी म्हणजे फुल एचडीसाठी ५ आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगते. यूट्यूबचा हिशोब थोडा वेगळा: ४८०पीला १.१, ७२०पीला २.५, १०८०पीला ५ आणि फोर-केला २०. प्राइम व्हिडिओही एचडीसाठी ५ च्या आसपासच थांबते. थोडक्यात, एका टीव्हीवर फुल एचडी पाहायला पाच एमबीपीएस पुरतात. अट एकच, ते पाच सलग मिळाले पाहिजेत. मिनिटभर चाळीस आणि पुढचे अर्धे मिनिट शून्य, असे मिळून उपयोग नाही.

पी च्या आधीचा आकडा म्हणजे चित्रातल्या आडव्या ओळींची संख्या. ७२०पी चित्रात १२८० गुणिले ७२०, म्हणजे सुमारे सव्वानऊ लाख ठिपके असतात. १०८०पीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या जवळपास. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ त्र्याऐंशी लाख. एवढे ठिपके सेकंदाला पंचवीस-तीस वेळा जसेच्या तसे पाठवायचे तर कुठलीच लाइन पुरली नसती. म्हणून व्हिडिओ दाबून, आवळून पाठवला जातो. हे आवळण्याचे तंत्र म्हणजे कोडेक. २००३ मधले एच.२६४ अजूनही सगळीकडे चालते. २०१३ चे एचईव्हीसी तेवढ्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या डेटात देते, आणि २०१८ चे एव्ही१ त्याच्याही पुढे जाते. मात्र नवे कोडेक समजायला टीव्ही किंवा फोनही तेवढा नवा लागतो. जुन्या टीव्हीला तोच सिनेमा जुन्या, जाड स्वरूपात पाठवावा लागतो. एकाच घरात, एकाच लाइनवर दोन टीव्ही वेगवेगळा डेटा खातात त्याचे हे एक कारण.

चित्रात काय चालले आहे त्यावरही बरेच अवलंबून असते. दोन माणसे खुर्चीत बसून बोलत असतील तर फारसे काही बदलत नाही, डेटा कमी लागतो. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे धावतो, गवत, प्रेक्षक, सगळे दर क्षणाला बदलते. त्यात सामना थेट असला तर पुढचा भाग आधीच उतरवून ठेवायला वावच नसतो. मालिका बिनबोभाट चालणाऱ्या लाइनवर सामना अडकतो तो यामुळेच.

आता सरकारी व्याख्या बघण्यासारखी आहे. २००४ च्या धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले होते. २०१३ मध्ये ते ५१२ केबीपीएस झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ही किमान मर्यादा २ एमबीपीएस केली. म्हणजे कायद्याने ‘ब्रॉडबँड’ ठरलेली लाइन नेटफ्लिक्सच्या साध्या ७२०पीलाही पुरत नाही. नुसता ‘ब्रॉडबँड’ हा शब्द पाहून कनेक्शन घेण्यात अर्थ नाही तो यासाठी.

बिट आणि बाइटचा घोळही इथेच उरकून टाकू. प्लॅनमधला एमबीपीएस हा मेगाबिटचा असतो, फोनवर डाउनलोड होताना दिसतो तो बहुधा मेगाबाइटचा. एका बाइटमध्ये आठ बिट. चाळीस एमबीपीएसच्या लाइनवर फाइल सेकंदाला पाच एमबीने उतरत असेल तर कंपनीने फसवलेले नाही, हिशोब बरोबर आहे.

घराची बेरीज

घरात एकाच वेळी काय काय चालते, तेवढी बेरीज करायची. हॉलमधल्या टीव्हीवर फुल एचडी: पाच. आतल्या खोलीत दुसरा टीव्ही: आणखी पाच. मुलाचा ऑनलाइन क्लास किंवा ऑफिसचा व्हिडिओ कॉल: दोन ते चार, आणि तेवढेच उलट्या दिशेला. दोन-तीन मोबाइलवर रील्स आणि मागे गुपचूप चाललेले अपडेट: पाच धरा. झाले वीस. वर थोडी जागा ठेवली तरी तीस-चाळीस एमबीपीएसमध्ये चार-पाच माणसांचे घर आरामात बसते. फायबरचे सगळ्यात लहान प्लॅनही आता बहुतेक ठिकाणी तीस किंवा चाळीसचे असतात. म्हणजे सामान्य घराची गरज सर्वांत खालच्या पायरीवरच भागते. घरात फोर-के टीव्ही असेल आणि त्यावर खरोखर फोर-के पाहिले जात असेल, तर प्रत्येक टीव्हीमागे पंधरा-वीस वाढवायचे. तीनशे किंवा पाचशेचा प्लॅन घेण्याचे कारण मोठमोठ्या फाइली वरखाली करणारे कोणी घरात असणे, हे असू शकते. मालिका पाहणे हे नक्कीच नाही.

स्पीड आहे, पण एचडी नाही

कित्येकदा लाइन चोख असते आणि चित्र तरी ४८०पीच्या वर जात नाही. अशा वेळी राउटर बंद-चालू करून काही होत नाही. पहिला संशय सब्स्क्रिप्शनवर घ्यावा. नेटफ्लिक्सचा फक्त मोबाइलचा स्वस्त प्लॅन २०१९ मध्ये भारतात आला, त्यात चित्र ४८०पीच मिळते. फोर-के सर्वांत महागड्या प्लॅनवर. इतर अॅपमध्येही स्वस्त पॅकला दर्जाची मर्यादा असते, ती बारीक अक्षरात असते इतकेच.

दुसरा संशय फोन किंवा टीव्ही बॉक्सवर. चोरी होऊ नये म्हणून व्हिडिओ कुलूप लावून पाठवतात. अँड्रॉइडवर हे कुलूप वाइडव्हाइन नावाचे असते आणि त्याचे एल१ आणि एल३ असे दर्जे असतात. उपकरणाला एल१ नसेल तर नेटफ्लिक्ससारखी अॅप त्याला एचडी देतच नाहीत, मग मागे गिगाबिटची लाइन का असेना. बाजारात बिननावाचे स्वस्त अँड्रॉइड बॉक्स मिळतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचे घोडे इथेच पेंड खाते. नेटफ्लिक्स अॅपच्या सेटिंगमध्ये प्लेबॅकची माहिती उघडली की वाइडव्हाइनचा दर्जा दिसतो. बॉक्स विकत घेण्याआधी दुकानदाराला हे दाखवायला सांगावे. त्याला ठाऊक नसेल, तर तेही एक उत्तरच.

अॅपमधली डेटा वाचवण्याची सेटिंग कधीतरी कोणीतरी चालू करून विसरलेले असते, तेही एकदा पाहावे. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागल्यावर तर देशातल्या स्ट्रीमिंग कंपन्यांनी आपणहून मोबाइल नेटवर्कवरचे चित्र ४८०पीवर आणले होते, जाळ्यावरचा ताण कमी व्हावा म्हणून. फोनच्या सहा इंची पडद्यावर फारसे काही अडले नाही. मोबाइलवर पाहायचे असेल तर ४८०पी आणि ७२०पीमधला फरक डोळ्याला थोडाच जाणवतो, डेटात मात्र दुपटीहून जास्त फरक पडतो.

चिऱ्याच्या भिंती आणि वायफाय

लाइन घराच्या उंबऱ्यापर्यंत येते, तिथून पुढे टीव्हीपर्यंत वायफाय. आणि तक्रारींचे मूळ याच शेवटच्या वीस फुटांत सापडते, असे अनेक घरांत दिसते. गोवा, खानापूर, चंदगड, कारवार या पट्ट्यात घरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. भिंत फूट-सव्वा फूट जाड, पावसाळ्यात ओल धरलेली. अशा दोन भिंतींपलीकडे वायफायचा दम निघतो. इंदूर-ग्वाल्हेरचे जुने वाडे आणि स्लॅबवर स्लॅब चढवलेली नवी घरे, दोन्हींत तीच गत.

वायफायचे दोन पट्टे असतात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंत जरा बरी ओलांडतो, पण त्यात शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान आणि मोकळा, पण भिंतीला नाजूक. राउटरच्या खोक्यावर छापलेला ३०० किंवा १२०० हा आकडा प्रत्यक्षात कधी मिळत नाही, एकच पट्टा असलेल्या साध्या राउटरवर तर शंभरचा प्लॅनही पुरता उतरत नाही.

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे वायर. राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅन केबल टाकली की भिंतीचा प्रश्नच मिटतो. बऱ्याच टीव्हींचे लॅन पोर्ट शंभर एमबीपीएसचेच असते, पण फोर-केला लागतात पंधरा-वीस, त्यामुळे ते पुरून उरते. वायर नको असेल तर राउटर टीव्हीच्या खोलीत, उंचावर, उघड्यावर ठेवावा. फायबर जोडायला आलेला माणूस दाराजवळच्या कोपऱ्यात डबा ठोकून मोकळा होतो, कारण त्याची वायर वाचते. त्याला आधीच सांगून ठेवावे की डबा कुठे हवा. शोकेसमध्ये देवाच्या तसबिरीमागे ठेवलेला राउटर दिसायला नीटनेटका असतो, पण चालायला वाईट.

रात्री नऊची गोष्ट

सकाळी सात वाजता सार्वजनिक नळावर जी अवस्था व्हायची, तीच रात्री आठ ते अकरा या वेळात इंटरनेटची होते. फायबरच्या जीपीओएन या तंत्रात एका मुख्य धाग्यावर साधारण अडीच गिगाबिट येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. ६४ घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसच्या आत येईल. असे सहसा होत नाही, म्हणून वाटणी खपून जाते. खरी गोम त्याच्या पुढे असते. छोटा प्रोव्हायडर वरच्या मोठ्या कंपनीकडून बँडविड्थ विकत घेतो आणि गिऱ्हाइकांत वाटतो. पाचशे घरांना शंभर-शंभर विकले म्हणजे त्याने पन्नास हजार एमबीपीएस घेतले असे कोणी समजू नये. ट्रायने २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी जास्तीत जास्त ५० गिऱ्हाइकांत एक वाटा, असे प्रमाण सांगितले होते. वाटून घेणे हा या धंद्याचा पायाच आहे, किती जणांत वाटले यावर दर्जा ठरतो.

याला जोडूनच कॅशची गोष्ट येते. नेटफ्लिक्स आणि गुगल आपले लोकप्रिय व्हिडिओ साठवलेली यंत्रे मोठ्या प्रोव्हायडरांच्या केंद्रांत ठेवतात. तिथून व्हिडिओ आला तर वाट छोटी आणि मोकळी. ज्याच्याकडे ही सोय नाही, त्याच्या गिऱ्हाइकाचा प्रत्येक सिनेमा मुंबई किंवा बेंगळुरूहून गर्दीच्या रस्त्याने येतो. शंभर एमबीपीएसच्या दोन लाइनी, एकाच गल्लीत, रात्री वेगळ्या का वागतात, याचे उत्तर अनेकदा इथे मिळते.

तपासायची युक्ती सोपी आहे. नेहमीच्या स्पीड टेस्टमध्ये जवळचा सर्व्हर निवडला जातो आणि तो बऱ्याचदा प्रोव्हायडरचाच असतो. आकडा झकास येतो. ती टेस्ट म्हणजे घरापासून केबलवाल्याच्या ऑफिसपर्यंतचा रस्ता मोजणे. फास्ट डॉट कॉम ही साइट नेटफ्लिक्सचीच असल्याने ती व्हिडिओ येण्याचा खरा रस्ता मोजते. दोन्ही टेस्ट रात्री साडेनऊच्या सुमारास, फोन राउटरशेजारी ठेवून, लागोपाठ कराव्यात. दोन्ही चांगल्या आल्या आणि टीव्ही तरी अडकत असेल, तर दोष वायफायचा. पहिली चांगली आणि दुसरी रडत असेल, तर प्रोव्हायडरच्या वरच्या लाइनीचा. दोन्ही कमी असतील, तर लाइन किंवा डबा. सकाळी हेच पुन्हा करून पाहिले की गर्दीचा परिणाम वेगळा निघतो. ट्रायचे मायस्पीड अॅपही आहे, तक्रार करायची झाल्यास त्यातली नोंद जवळ असलेली बरी.

प्रोव्हायडर कोण, परवाना कुठला

सीमाभागातल्या वाचकाला हा भाग जास्त लागू पडतो. इंटरनेट देण्याचे परवाने ए, बी आणि सी अशा वर्गांचे असतात. ए म्हणजे देशभर. बी म्हणजे एका दूरसंचार सर्कलपुरता. सी म्हणजे जवळपास एखाद्या जिल्ह्याएवढ्या भागापुरता. देशात अशी २२ सर्कल आहेत आणि त्यांच्या हद्दी राज्यांच्या हद्दींशी नेहमी जुळत नाहीत. गोवा हा महाराष्ट्र सर्कलमध्ये येतो. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार कर्नाटक सर्कलमध्ये. इंदूर आणि ग्वाल्हेर मध्य प्रदेशात, बडोदा गुजरातमध्ये, हैदराबाद अजूनही आंध्र प्रदेश नावाच्या सर्कलमध्ये.

याचा व्यवहारात अर्थ असा, की कोल्हापुरात उत्तम सेवा देणाऱ्या छोट्या प्रोव्हायडरकडे फक्त त्या भागाचा परवाना असेल तर तो कागलपर्यंत येईल, पण निपाणीत कनेक्शन देऊ शकणार नाही, अंतर वीस-पंचवीस किलोमीटर असले तरी. उलट सिंधुदुर्गातला बी परवान्याचा प्रोव्हायडर पेडण्यात येऊ शकतो, कारण सर्कल एकच. गावात वायर ओढणारा केबलवाला बहुतेक वेळा स्वतः परवानाधारक नसतो, तो कुठल्यातरी परवानाधारक कंपनीचा भागीदार असतो. म्हणून पहिला प्रश्न: बिल कोणाच्या नावाने येणार? कंपनीचे नाव आणि जीएसटी क्रमांक असलेले बिल मिळत नसेल, नुसती वहीत नोंद आणि महिन्याला रोख, तर उद्या तक्रार कोणाविरुद्ध करायची हाच प्रश्न पडेल.

बाकीचे प्रश्नही त्याच बैठकीत विचारून घ्यावेत. घरापर्यंत काचेचा फायबर येणार की गल्लीतल्या खांबावरच्या डब्यापासून साधी लॅन केबल? फायबर असेल तर मधल्या वाटेत वीज लागत नाही. लॅन केबल असेल तर खांबावरच्या डब्याची वीज गेली की आपल्या घरात वीज असूनही इंटरनेट बंद, आणि पावसाळ्यात वीज कडाडली की पोर्ट जळण्याचा धोका वेगळा. खानापूर-जांबोटी पट्ट्यात जून ते सप्टेंबर हा फरक फार जाणवतो. राउटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला तर वीज गेल्यावरही एक-दोन तास काम भागते. डब्याचे डिपॉझिट किती, परत कधी? वर्षाचे पैसे आगाऊ भरले आणि सेवा आवडली नाही तर उरलेले मिळणार का? आगाऊ भरल्यावर मिळणारी सूट मोहाची असते, पण नव्या प्रोव्हायडरला पहिला महिनाच द्यावा, आणि जमल्यास तो पावसाळ्यातला असावा. शेजाऱ्याला विचारले तर कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरी माहिती मिळते. फक्त ‘चांगले आहे का’ असे न विचारता ‘रात्री सामना कसा दिसतो’ असे विचारावे.

ठराविक अॅपच मुद्दाम हळू करणे प्रोव्हायडरला मनाई आहे. २०१८ मध्ये सरकारने स्वीकारलेल्या नेट न्यूट्रॅलिटीच्या तत्त्वांत ते येते.

मोबाइल डेटा आणि हवेतले फायबर

फायबर न पोचलेल्या वाड्या-वस्त्यांत सगळा भार मोबाइलवर असतो. हिशोब असा: पाच एमबीपीएसने तासभर पाहिले तर सव्वादोन जीबी जातात. रोज दीड जीबीचा पॅक फुल एचडीत चाळीस मिनिटांत संपतो, दोन जीबीचा त्रेपन्न मिनिटांत. ४८०पीवर तोच दीड जीबी तीन तास टिकतो. फोर-केचे नाव मोबाइल डेटावर काढू नये, तासाला सहा-सात जीबी जातात.

सीमेवरच्या गावांत फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. रोमिंगचे वेगळे पैसे आता नेहमीच्या पॅकमध्ये लागत नाहीत, पण स्पीडमध्ये फरक पडू शकतो. कारण स्पेक्ट्रमचा लिलाव सर्कलनुसार होतो. एकाच कंपनीकडे चंदगडच्या बाजूला असलेले पट्टे आणि बेळगावच्या बाजूला असलेले पट्टे सारखेच असतील असे नाही. २०१५ पासून नंबर देशात कुठेही पोर्ट करता येतो, तेव्हा कोल्हापूरचा नंबर राखून बेळगावात चांगली चालणारी कंपनी घ्यायला आडकाठी नाही. २०२४ च्या सेवा दर्जाच्या नियमांनुसार मोबाइल कंपन्यांनी आपल्या वेबसाइटवर टूजी, फोरजी, फाइव्हजीच्या व्याप्तीचे नकाशे द्यायचे आहेत. सिम घेण्याआधी आपली वस्ती त्यात पाहून घ्यावी.

फाइव्हजीवर चालणारे घरगुती कनेक्शन, म्हणजे एअरफायबर, २०२३ मध्ये सुरू झाले. जिओने तर त्यासाठी गणेश चतुर्थीचा मुहूर्त धरला होता. छतावर एक डबा, त्याला टॉवरचा सिग्नल, आत नेहमीसारखा वायफाय. टॉवर जवळ आणि समोर दिसत असेल तर फायबरसारखेच चालते. मध्ये डोंगराचा खांदा किंवा गच्च झाडी आली की गडबड. उन्हाळ्यात लावलेला डबा पावसाळ्यात झाडे भरल्यावर तसाच चालेल, असे गृहीत धरू नये. आणि टॉवर सगळ्यांत वाटलेला असतो, त्यामुळे रात्री नऊची गोष्ट इथेही आहेच.

ग्रामपंचायतीपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिलाच भारतनेट नाव मिळाले. पंचायतीत आलेली लाइन घराघरांत नेण्याचे काम बीएसएनएलबरोबर करणारे स्थानिक उद्योजक असतात. गावात कोणी असे काम घेतले आहे का, हे पंचायतीत विचारण्यासारखे आहे.

‘अनलिमिटेड’ आणि बिल

बऱ्याच फायबर प्लॅनमध्ये अनलिमिटेडचा अर्थ महिन्याला ३३०० जीबी असा असतो, त्यानंतर स्पीड उतरतो. घाबरायचे कारण नाही: रोज दहा तास फुल एचडी पाहिले तरी महिन्याला पावणेसातशे जीबी होतात. छोट्या प्रोव्हायडरच्या स्वस्त प्लॅनमध्ये मात्र ही मर्यादा शे-दोनशे जीबी असू शकते, आणि ती वीस तारखेलाच संपते. मर्यादेनंतर किमान ५१२ केबीपीएस तरी मिळाले पाहिजेत, असे ट्रायने २०१६ मध्ये ठरवले. तेवढ्यात व्हिडिओ चालत नाही, हे वरच्या आकड्यांवरून कळतेच. म्हणून मर्यादेनंतरचा स्पीड किती, हे आधी विचारावे. जाहिरातीतल्या दरावर १८ टक्के जीएसटी चढतो, पाचशेचा प्लॅन हातात ५९० ला पडतो.

उलटी दिशा

पाहायला अपलोड जवळजवळ लागत नाही. दाखवायला लागते. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथली साहित्य संमेलने असोत, गणेशोत्सवातले कीर्तन असो की हैदराबादच्या मंडळाचा कार्यक्रम, ते यूट्यूबवर थेट १०८०पीमध्ये दाखवायचे तर पाच ते दहा एमबीपीएस सलग अपलोड हवे. काही प्लॅनमध्ये शंभर खाली येतात पण वर जायला दहाच मिळतात, जुन्या तांब्याच्या लाइनीवर तर एखादाच. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच वेळेला अपलोड मोजून घ्यावे. मांडवात हजार माणसे आणि हजार फोन आले की मोबाइलवरचे अपलोड आटते, तेव्हा शेजारच्या घरातून फायबरची वायर ओढून घेतलेली शहाणपणाची.

तक्रार कुठे

पहिली तक्रार कंपनीच्या केंद्रातच करायची आणि तक्रार क्रमांक लिहून घ्यायचा. गल्लीतल्या केबलवाल्याला व्हॉट्सअॅप केला म्हणजे तक्रार झाली असे नाही, क्रमांक नसेल तर पुढचे काही चालत नाही. उत्तर पटले नाही तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, त्याने ३९ दिवसांत निकाल द्यायचा असतो. ट्राय नियम करते, पण एकट्या-दुकट्याची तक्रार सोडवत नाही, हे ठाऊक नसल्याने पुष्कळांचा वेळ तिथे जातो.

त्यापुढे ग्राहक आयोग. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्यातच तक्रार चालते. कंपनीचे कार्यालय मुंबईत किंवा कोल्हापुरात असले, तरी निपाणीच्या माणसाला बेळगावच्या आयोगात जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. जवळ ठेवायचे कागद म्हणजे बिले, तक्रार क्रमांक आणि रात्री नऊच्या स्पीड टेस्टचे तारीखवार स्क्रीनशॉट. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा, तिथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही.